फोटोत लेक आहे, बॉल नाही: दर मॅचला होणारी चूक कुठे शोधायची

लेकीची बास्केटबॉलची मॅच संपवून घरी आले, कार्ड लॅपटॉपला लावलं. ४१२ फोटो. लेक शेजारी बसून भराभर पुढे ढकलत होती, ती एका फोटोवर थांबली. "आई, मी इथे करतेय काय? फुगडी?" फोटो तसा छान होता. चेहरा स्वच्छ, वेणी हवेत, एक गुडघा वर, उजवा हात उंच. फक्त तो हात मनगटापाशी कापलेला होता आणि बॉलचा पत्ता नव्हता. त्या दिवशीचा तिचा सगळ्यात चांगला लेअप (पळत येऊन, उडी मारून रिंगजवळून टाकलेला बॉल) होता तो.

बॉल नसला की बास्केटबॉलच्या फोटोचं असंच होतं. पळणारी मुलं पकडापकडी खेळल्यासारखी दिसतात. डिफेन्सला हात पसरून उभी असलेली मुलगी कुणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखी. तीन स्पर्धा मी हेच घरी आणलं. आधी लेन्सला दोष दिला, मग उजेडाला, मग शेजारी उभ्या राहणाऱ्या काकांना, कारण ते दर बास्केटला माझ्या खांद्यावर थाप मारायचे. शेवटी काय सापडलं ते लिहून ठेवते आहे. टीमच्या ग्रुपवर बाकी पालकांचे फोटो बघते तर दुखणं सगळ्यांचं एकच आहे.

आधी ढीग करा

काहीही बदलायच्या आधी मागच्या मॅचचे वाया गेलेले फोटो डिलीट न करता वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाका. बॉल नाही, हललेले, फोकस भलतीकडे, नुसत्या पाठी, उजेडाची गडबड. अर्धा तास जातो, पण आपला सगळ्यात मोठा ढीग कोणता ते कळतं. माझी खात्री होती की माझे फोटो हलतात. हललेले निघाले ५८. बॉल कापलेले किंवा बॉल नसलेलेच १९३. म्हणजे इतके दिवस मी शटरशी खेळत बसले होते आणि चोर दुसऱ्याच खोलीत होता.

बॉल फ्रेमबाहेर का जातो

कारण आपण मॅच बघत नसतो, आपलं पोर बघत असतो. डोळा चेहऱ्यावर जातो, कॅमेऱ्याचा मध्य चेहऱ्यावर बसतो, आणि "अजून जवळ दिसू दे" म्हणून हात आपोआप झूम फिरवतो. उरलेलं काम गणित करतं.

माझा कॅमेरा साधा, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला सेन्सर लहान, त्यामुळे फ्रेममध्ये कमी मावतं. २०० एमएमपर्यंत झूम करून कोर्टाच्या पलीकडच्या कडेला, म्हणजे १५ मीटरवर बघितलं, तर आडव्या फ्रेममध्ये मावतो फक्त सव्वा मीटर उंचीचा तुकडा. तेरा वर्षांची मुलगी उभी राहिली तरी दीड मीटर भरते. तिने हात वर करून उडी मारली की बॉल सव्वादोन-अडीच मीटरवर जातो आणि रिंग तर ३.०५ मीटरवर असते. सव्वा मीटरच्या खिडकीतून हे सगळं कसं दिसणार? कितीही भारी लेन्स लावा.

आता तीच मुलगी ८ मीटरवर आहे आणि लेन्स ५० एमएमवर. फ्रेम आडवी धरली तर उंचीत अडीच मीटर मावतात, म्हणजे बॉल कसाबसा आत आणि रिंग बाहेर. कॅमेरा उभा धरला की तोच आकडा पावणेचार मीटर होतो. बुटांपासून रिंगपर्यंत सगळं आत, वर जरा हवाही शिल्लक. मिनी गटात रिंग २.६० मीटरवर लावलेली असेल तर आणखी दोन पावलं जवळ जाता येतं.

म्हणून पहिला उपाय फुकट आहे. रिंगजवळचं सगळं उभ्या फ्रेममध्ये घ्या आणि झूम जितका करावासा वाटतो त्यापेक्षा कमी करा. फोटो "लांबचा" वाटेल. वाटू दे. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतला निम्मा भाग कापून टाकला तरी ग्रुपवर पाठवायला आणि छोटी प्रिंट काढायला तो पुरतो. न आलेला बॉल मात्र कुठल्याच ॲपमध्ये परत आणता येत नाही. (आता एआयने बॉल घालूनही देतात म्हणे. लेकीला दाखवलं, तिने नुसतं बघितलं माझ्याकडे.)

दुसरा उपाय फोकसच्या बिंदूचा. तो बहुतेकांचा मधोमध असतो. मधला बिंदू चेहऱ्यावर ठेवला की डोक्यावर जेवढी जागा, तेवढीच पायाखाली जाते, आणि खाली सिमेंटच्या जमिनीशिवाय काही नसतं. कॅमेरा उभा धरून बिंदू मध्याच्या एक घर खाली सरकवा आणि तो बनियनवरच्या नंबरवर ठेवा. पांढऱ्यावर निळा नाहीतर पिवळ्यावर काळा असा ठसठशीत आकडा असतो, फोकस तिथे चटकन धरतो. चेहरा त्याच अंतरावर असतो, त्यामुळे तोही स्वच्छ येतो, आणि बॉलसाठी वरचं घर मोकळं राहतं.

तिसरा उपाय मला सगळ्यात जड गेला. तिचा पाठलाग सोडला. कॅमेरा घेऊन तिच्यामागे अख्खं कोर्ट फिरवत राहिलं की आपण कायम एक पाऊल मागे असतो. ती पास देते, आपण तिच्यावरच, बॉल तिसरीकडे. आता मी एक जागा धरते आणि बॉल तिथे यायची वाट बघते. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला, डावा उघडा. डाव्या डोळ्याने पास कुठून येतोय ते दिसतं. पहिल्या दिवशी डोकं दुखलं, दुसऱ्या मॅचला सवय झाली.

जागा कुठली

मॅचच्या आधी वॉर्मअप बघा. नियमाने टीम ज्या रिंगवर वॉर्मअप करते त्याच रिंगवर पहिल्या दोन क्वार्टरमध्ये ती बास्केट टाकणार असते. हाफ टाइमनंतर बाजू बदलतात. तेव्हा आपणही पिशवी उचलून दुसऱ्या टोकाला जायचं. साइडलाइनला बेंचजवळ बसलात तर अर्धा वेळ मुलं एका कुशीवरून दिसतात आणि अर्धा वेळ सरांची पाठ.

बेसलाइनमागे, म्हणजे रिंगमागच्या शेवटच्या रेघेच्या पलीकडे, रिंग आणि कोपरा यांच्या मधोमध बसा. कोर्टाभोवती २ मीटर मोकळी जागा सोडायची असते, त्याच्या बाहेर बसायचं. ती जागा मुलांनी धडपडण्यासाठी आहे. बसण्याआधी सरांना आणि पंचांना विचारा. फ्लॅश बंद, हे सांगायला नकोच. बॉल थेट अंगावर येतो, त्यामुळे बाजूला बॅग, ट्रायपॉड, चहाचा कप असलं काही पसरू नका. माझ्या लेन्सच्या हुडवर एकदा आदळलाय. हूड फुटलं, लेन्स वाचली.

उजवीकडे की डावीकडे, हा प्रश्न मी बरेच दिवस विचारलाच नव्हता. उजव्या हाताच्या मुली बहुतेक वेळा स्वतःच्या उजव्या बाजूने रिंगकडे शिरतात. आपण त्यांच्या समोर बसलेलो असतो, म्हणजे आपल्याला त्या डावीकडून येताना दिसतात. डावीकडेच बसलं तर शॉटच्या क्षणी वर गेलेला उजवा दंड बरोबर चेहऱ्यावर येतो. रिंगच्या उजवीकडे बसलं तर बोर्डकडे बघताना तोंड आपल्याकडे वळतं, हात मागे जातो, चेहरा आणि बॉल दोन्ही मिळतात. अडचण एकच, मधे एखादी डिफेंडर येऊ शकते आणि बेसलाइनवरचे पंचही तिथेच कुठेतरी उभे असतात. त्याला इलाज नाही, पंचांना सरका म्हणता येत नाही. आमच्या टीममध्ये एक डावखुरी आहे. तिच्या आईसाठी मी तिसऱ्या क्वार्टरला डावीकडे बसते.

बोट कधी दाबायचं

तीस सेंटिमीटर उंच उडी मारणारी मुलगी हवेत असते जेमतेम अर्धा सेकंद. माझा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढतो. म्हणजे एका उडीत दोन-तीन, आणि नेमका माथ्यावरचा क्षण त्या दोघांच्या फटीत हरवू शकतो. बटण दाबून ठेवलं की मिळेलच, या भरवशावर मी शेकडो फोटो काढलेत. हाताशी आले ते चढतीचे आणि उतरतीचे. बर्स्टमधला, म्हणजे अशा सलग फोटोंतला, पहिला फोटो तेवढा आपल्या बोटाने ठरवलेला असतो, पुढचे कॅमेरा आपल्या मर्जीने काढतो. म्हणून तो पहिलाच नीट टाका.

सर मुलींना लेअप शिकवतात ते ऐका. आमचे सर ओरडतात, "उजवा, डावा, वर!" उजव्या हाताच्या लेअपला हाच ठेका आहे. बॉल हातात धरून उजवं पाऊल, मग डावं, मग उडी. मी तेच मनात म्हणते आणि "डावा"ला बोट दाबते. "वर"ला दाबलं तर आपला मेंदू आणि कॅमेरा मिळून जो उशीर करतात त्यात बॉल हातातून सुटलेला असतो. प्रॅक्टिसला मुली रांगेने लेअप घेतात तेव्हा दहा मिनिटं फक्त हा ठेका पक्का करा. मॅचमध्ये शिकायला गेलात तर अख्खी मॅच त्यातच जाते.

जंप बॉल (सुरुवातीला पंच दोघींच्या मधे वर फेकतात तो) आणि फ्री थ्रो (फाउलनंतर कुणी न अडवता मिळणारा शॉट) ही आयती संधी असते. फ्री थ्रोला सगळं जग थांबतं, बॉल हमखास फ्रेममध्ये असतो, मुलगी श्वास घेते, बॉल दोनदा आपटते. माझी लेक ओठ आत दाबते, ते मला फोटो बघूनच कळलं. याच थांब्यात उजेड आणि फोकसही तपासून घ्या.

हललेला ढीग

याचं निदान सोपं आहे. फोटोची माहिती उघडा आणि शटर बघा, म्हणजे ते सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं ते. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा हॉलमध्ये १/१२५ वगैरे घेतो. सेकंदाला पाच मीटर पळणारी मुलगी तेवढ्यात चार सेंटिमीटर सरकते, हात तर त्याहून जास्त. १/१००० ला हेच सरकणं अर्ध्या सेंटिमीटरवर येतं. उन्हात १/१००० ठेवा. हॉलमध्ये १/५०० च्या खाली जाऊ नका, जमलं तर १/६४०.

उजेड कमी पडेल. मग लेन्सचं तोंड पूर्ण उघडा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० किंवा ६४०० वर न्या. दाणे दिसतील. दाणेदार फोटो आजी फ्रेम करून लावते, हललेला लावत नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर अडकते (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). ५० एमएम एफ १.८ लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. सगळ्या खर्चांमध्ये मला पटलेला खर्च हा एकच, तोही मी सेकंडहँड घेऊन केला. झूम नसल्यामुळे जागा धरायची शिस्तही तिनेच लावली.

एक उजळ, एक काळपट

हॉलमधल्या फोटोंचं हे गूढ मला फार दिवस सुटलं नाही. एकाच ठिकाणी, एकाच सेटिंगवर, पाठोपाठचे तीन फोटो. पहिला बरोबर, दुसरा अंधारलेला आणि पिवळट, तिसरा अर्धा असा अर्धा तसा. कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात दाखवून आले. दुकानातल्या दिव्यांखाली तो अगदी शहाण्यासारखा वागला.

बिघाड दिव्यांत असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब, हॉलमधले जुने मेटल हॅलाइड आणि स्वस्तातले एलईडी फ्लडलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही. १/५०० चं शटर त्या एका हेलकाव्याचा पाचवा हिस्सा पकडतं. भरतीचा हिस्सा आला तर फोटो उजळ, ओहोटीचा आला तर काळा.

तपासायचं असं: मॅचच्या आधी हॉलच्या पांढऱ्या भिंतीचे १/५०० ला दहा फोटो काढा, मग १/१०० ला दहा. पहिल्या दहांत रंग-उजेड बदलतोय आणि दुसऱ्या दहांत सगळे सारखे आहेत, तर दिवेच आहेत. १/१०० मध्ये एक हेलकावा पूर्ण मावतो, म्हणून ते सारखे येतात.

कॅमेऱ्याच्या मेनूत अँटी-फ्लिकर नावाचा पर्याय असेल तर चालू करा. कॅमेरा भरतीची वाट बघून शटर सोडतो. बोट दाबल्यावर किंचित उशीर होतो, बर्स्ट थोडा मंदावतो, तेवढं सोसा. मिररलेस असेल तर सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा. नाहीतर फोटोभर आडवे पट्टे येतात आणि वेगात गेलेला बॉल पपईसारखा लांबुळका दिसतो. यातलं काहीच नसेल तर फ्री थ्रो आणि टाइमआउट १/१०० ला घ्या, आणि पळापळीला एकाऐवजी तीन-तीन फोटो काढून नशिबावर सोडा. मी बरेच महिने हेच केलं.

एक्सपोजर (शटर, लेन्सचं तोंड, आयएसओ) मॅन्युअलवर ठेवा, हेही याच ढिगाचं औषध. हॉलचे दिवे मॅचभर तेच असतात, पण पांढरी जर्सी समोर आली की ऑटो घाबरून फोटो काळा करतं आणि गडद जर्सीला उलटं. बाहेरच्या कोर्टवर मात्र संध्याकाळी अर्धं कोर्ट इमारतीच्या सावलीत जातं. तिथे शटर स्वतः ठरवा आणि आयएसओ ऑटोवर सोडा.

जाळी शार्प, पोरगी मऊ

दोन सेटिंग बघा. फोकस सलग धरणारा हवा. निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरमध्ये एआय सर्वो. आणि फोकसचा भाग कॅमेऱ्याला निवडू देऊ नका. त्याला मागचा बॅनर आवडतो, त्यावरचे नेत्यांचे चेहरे तर फारच.

पाठी आणि पसारा

बेसलाइनला बसल्यावर पाठींचा ढीग आपोआप निम्मा होतो. उरलेला पसारा म्हणजे मागे लावलेल्या स्कूटर, पाण्याचे निळे जार, आणि कडेला उभं राहून मोबाईल बघणारे कुणाचे तरी दादा. खाली बसलात तर मुलगी उंच दिसते, उडी खरी वाटते, पण मागे आभाळ किंवा हॉलचे दिवे येतात. उभं राहिलात तर मागे जमीन येते, स्वच्छ, पण मुलं बुटकी दिसतात. मी बसते, आणि बसायच्या आधी तिथूनच एक रिकामा फोटो काढून मागे काय येतंय ते बघते. कधीकधी दोन फूट सरकलं की स्कूटर खांबामागे जाते.

फोन असेल तर

गणित तेच, फक्त जवळ जायला लागतं. बोटांनी चिमटा काढून झूम करू नका, स्क्रीनवर दिलेल्या लेन्सच्या आकड्यांवरच राहा. रिंगखाली बोट दाबून ठेवलं की फोकस-उजेड लॉक होतो. मग फोन उभा धरून वाट बघा. उन्हातल्या मॅचला फोन फार सुंदर काम करतो. अंधाऱ्या हॉलमध्ये फ्री थ्रो आणि बेंचवरचे चेहरे घ्या, पळापळीसाठी सरळ व्हिडिओ काढा.

आणि इतकं करून फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकला तर तो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. टीमच्या ग्रुपवरच पाठवा. बाकी मुलींचे फोटो उघड्यावर टाकायच्या आधी त्यांच्या आईबाबांना विचारा. पडलेली, रडणारी, जर्सी वर गेलेली असले फोटो मी घरीच उडवते, कितीही शार्प असले तरी.

रिबाउंड, म्हणजे रिंगवर आपटून परत आलेला बॉल पकडायची झटापट, मला अजून जमलेला नाही. चार मुली एकदम उडतात, फोकस कुणाच्या कोपरावर बसतो ते देवाला ठाऊक. सध्या असं करते आहे: फोकस मॅन्युअल करून रिंगच्या पुढच्या कडेवर आधीच लावून ठेवते, एफ ४, कॅमेरा उभा. रिंग फ्रेमच्या अगदी वरच्या टोकाला घेते, कारण या वयाच्या मुलींचे हात रिंगपर्यंत पोचत नाहीत, बॉल जाळीच्या खाली आला की झटापट होते. मागच्या रविवारी असे अकरा फोटो काढले. दहांत कोपरं. एकात आठ हात, मधोमध बॉल, आणि खालून डोकावणारी लेकीची वेणी.

"यात मी कुठेय?" तिने विचारलं. वेणी दाखवली.